इथं सही करा

कर्ज विभागात बसणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य बोट दाखवण्यात जातं. इथं सही करा. इथं. पान उलटा, इथं. जामीनदार कुठायत, त्यांना आत बोलवा. कऱ्हाडातल्या एका सहकारी बँकेत मी अकरा वर्षं हेच करतोय. समोरचा माणूस कागद वाचत नाही हे मला माहीत असतं आणि आपण वाचून दाखवत नाही हेही माहीत असतं. ट्रॅक्टरचं कर्ज असलं की त्याचं लक्ष शोरूमच्या फोनकडं असतं, मुलीच्या लग्नासाठी सोनं गहाण टाकलेलं असलं की कुठंच नसतं. एखादाच म्हातारा चष्मा पुसत विचारतो, "काय लिहिलंय साहेब ह्यात?" मी म्हणतो, "नेहमीचंच आहे हो."

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या एका दवाखान्यात सिस्टरनं माझ्यासमोर चार पानं ठेवली, तिसऱ्या पानाच्या तळाशी पेनाचं टोक टेकवलं आणि म्हणाली, "इथं सही करा."

"काय लिहिलंय ह्यात?"

"नेहमीचंच आहे," ती म्हणाली.

माझी मुलगी मनू तीन आठवड्यांची असताना तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. रडताना येतं तसं नाही, नुसतंच. हसत असली तरी डावा डोळा भरलेला. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असायच्या आणि एका डोळ्यानं ती छताकडं बघत पडलेली असायची. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून आतल्या कोपऱ्यापासून बाहेर पुसायचं, एका कापसानं एकदाच, हे आम्हाला बालरोगतज्ज्ञांनी शिकवलं. माझ्या आईचं म्हणणं, आईच्या दुधाचे दोन थेंब डोळ्यात घाला, आमच्यात सगळ्यांना घातलेत. सासूबाई घरी पाडलेलं काजळ घेऊन आल्या. दोन्हीला नाही म्हटल्यावर दोघीही थोड्या रुसल्या, आणि त्या रुसव्यात त्यांची एकमेकींशी पहिल्यांदा खरी गट्टी जमली.

कऱ्हाडच्या नेत्रतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत तिच्या बुबुळांचा आकार मोजला, उजेडाला ती डोळे मिटून घेते का ते पाहिलं. एवढ्या लहान मुलाच्या डोळ्यातून पाणी येतं म्हटल्यावर काचबिंदू नाही ना हे आधी बघायचं असतं, ते नंतर कळलं. मग डोळ्यात एक पिवळा थेंब घातला आणि पाच मिनिटांनी निळ्या दिव्याखाली पाहिलं. उजव्या डोळ्यातला रंग जवळजवळ गेला होता. डाव्यातला तसाच, पापणीच्या कडेला चमकत उभा.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या कागदाच्या पाठीमागं चित्र काढलं. वरच्या पापणीच्या नाकाकडच्या टोकाला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक, खालच्या पापणीला एक. दोन्हींतून एकेक बारीक नळी निघते आणि नाकाच्या बाजूला जाऊन मिळते. "ही कृष्णा, ही कोयना," ते म्हणाले, "आणि हा आपला प्रीतिसंगम." संगमाच्या पुढं अश्रूंची छोटी पिशवी, पिशवीच्या खाली हाडातून उतरणारी नळी, आणि ती नळी नाकात उघडते. रडलं की नाक का गळतं, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं. बाळ पोटात असताना ही नळी पोकळ होत येते. नाकात उघडण्याच्या जागी शेवटचा एक पातळ पडदा उरतो, तो बहुतेकांचा जन्माच्या आगेमागे आपोआप फुटतो. एकोणिसाव्या शतकात प्रागमध्ये हासनर नावाचे डॉक्टर होते, त्या जागेच्या झडपेला त्यांचं नाव आहे. मनूचा पडदा फुटला नव्हता. "वरून पाणी येतंय, खाली वाट नाही. फुगवटा झालाय, बाकी काही नाही."

फुगवटा हा शब्द आमच्या भागात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर बघितलेला माणूस चहाच्या टपरीवरही अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर तावातावानं बोलतो. साचलेलं पाणी वास मारतं, हेही आम्हाला माहीत आहे. पिशवीत साचलेल्या अश्रूंचं तेच होतं, त्यात जंतू वाढतात, मग पू.

डॉक्टर म्हणाले, वर्षाच्या आत साधारण ९० टक्के मुलांचं आपोआप सुटतं. मी मनातल्या मनात त्याचं वसुलीत रूपांतर केलं. शंभरातले नव्वद खातेदार नोटीस न पाठवता हप्ता भरतात. उरलेल्या दहांचं काय, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारणं हेच माझं काम असूनही.

तोवर मसाज करायचा होता. १९२३ साली क्रिग्लर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत लिहून ठेवली आणि शंभर वर्षांत तिच्यात फारसा बदल झालेला नाही. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाक यांच्यामधल्या खळग्यात बोटाचं टोक टेकवायचं, हाडावर दाब द्यायचा आणि तोच दाब ठेवून खाली सरकवत आणायचं. पिशवीतलं पाणी खाली ढकललं जातं आणि त्याच्या दाबानं पडदा फुटू शकतो. एका वेळी दहा वेळा, दिवसातून चारदा. हे काम मी मागून घेतलं. नखं कापली, घासली. सकाळी बँकेत जायच्या आधी, जेवायला घरी आल्यावर, संध्याकाळी, आणि ती झोपल्यावर.

चार महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, करून दाखवा बघू. मी दाखवलं. त्यांनी माझं बोट धरलं, जिथं मी फिरवत होतो तिथून जरा वर आणि आत सरकवलं आणि माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून दाबलं. माझ्या नखाचा रंग पांढरा झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून पिवळट पाण्याचा एक ठिपका वर आला. "इतकं दाबायचं," ते म्हणाले. "तुम्ही करत होता ते लाड झाले." चार महिने रोज चारदा मी पोरीच्या नाकाची बाजू कुरवाळत होतो. माझी बायको मेघा काही बोलली नाही. घरी येताना गाडीत मी दोनदा म्हटलं, "मला वाटलं तिला दुखेल." तिनं दोन्ही वेळा "हं" म्हटलं.

त्यानंतर नीट दाबलं. तरीही पहिला वाढदिवस झाला, जावळ झालं, मनू चालायला लागली, आणि डावा डोळा भरलेलाच. चौदाव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता प्रोबिंग करून घेऊ. पापणीच्या त्या भोकातून एक बारीक, गुळगुळीत तार आत घालायची, पिशवीतून खाली उतरवायची आणि पडदा फोडायचा. टाका नाही, चीर नाही. त्या तारेला बोमन प्रोब म्हणतात. शाळेत मूत्रपिंडाच्या धड्यात बोमन संपुट होतं, तोच हा बोमन, लंडनचा. एकाच माणसानं किती ठिकाणी नाव लावून ठेवावं! काम दहा मिनिटांचं, डॉक्टर म्हणाले. "फक्त पूर्ण भूल द्यावी लागेल."

सगळी गोष्ट त्या "फक्त"पाशी अडली.

भूल हा शब्द मला लहानपणापासून घाबरवतो. आमच्या आजीच्या गोष्टीत रानात माणसाला भूल पडायची आणि तो रात्रभर एकाच झाडाभोवती फिरत राहायचा. भूलथापा आहेत, भुरळ आहे. पोरीला भूल देणार म्हटल्यावर आईच्या चेहऱ्यावर ते रानच आलं. "दहा मिनिटांच्या कामाला भूल कशाला? दोघांनी धरा की घट्ट." खरं सांगायचं तर हाच प्रश्न मीही विचारला होता. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला कापडात गुंडाळून, डोळ्यात नुसता बधिर करणारा थेंब घालून काही डॉक्टर ओपीडीतच हे करतात. चौदा महिन्यांची मुलगी तशी धरता येत नाही. तार हाडाच्या नळीतून जात असताना तिनं मान झटकली तर वाट चुकते, नवीनच वाट पडते, आणि ते फार वाईट. शिवाय पडदा फुटला का हे बघायला वरून पाणी सोडतात. ते नाकातून घशात उतरतं, आणि म्हणून श्वासाची वाट कुणीतरी सांभाळून ठेवावी लागते.

म्हणजे आपण आधीच यायला हवं होतं का? हाही प्रश्न विचारून झाला. त्यावर डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली, कारण तिच्यातून कुणीच शहाणा ठरत नाही. अमेरिकेत सहा ते दहा महिन्यांच्या बाळांचा एक अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला. निम्म्यांचं लगेच ओपीडीत प्रोबिंग केलं, निम्म्यांना सहा महिने थांबवलं. थांबवलेल्यांपैकी ६६ टक्क्यांचं आपोआप सुटलं. लगेच केलं असतं तर त्यातल्या दोन-तृतीयांश पोरांच्या डोळ्यात उगाच तार गेली असती. आणि थांबल्यामुळं उरलेल्या एक-तृतीयांशांना भूल घ्यावी लागली. आता आम्ही त्या एक-तृतीयांशात होतो, आणि मी मागं जाऊन बदलू शकत होतो असं एकच होतं, ते म्हणजे माझं बोट.

एप्रिल ते जून मी रात्री फोनवर वाचत होतो. मनू मध्ये, पलीकडं मेघा, आणि पांघरुणात माझा उजेड. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला होता: तीन वर्षांखालच्या मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून जास्त वेळ भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मी ते वाक्य वाचताना "तीन तासांहून जास्त" हे शब्द वगळूनच वाचत होतो, हे मला तिसऱ्या रात्री लक्षात आलं. बँकेत गिऱ्हाईक व्याजाचा आकडा वाचतं आणि "बदलता दर" वाचत नाही, तसं. मग २०१९ चा एक मोठा अभ्यास सापडला. सात देशांतल्या २८ रुग्णालयांत, हर्नियाचं ऑपरेशन करायचं असलेली ७२२ तान्ही बाळं. काहींना पूर्ण भूल दिली, काहींना फक्त कमरेखालचा भाग बधिर केला. पूर्ण भुलेचा वेळ साधारण ५४ मिनिटं. पाच वर्षांची झाल्यावर दोन्ही गटांच्या बुद्ध्यांकात फरक नव्हता. मी मेघाला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "बरं," आणि कुशीवर वळली.

वाचता वाचता मी फार लांबही गेलो. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत निजामाच्या राज्यात क्लोरोफॉर्म कमिशन बसलं होतं, भुलेत आधी श्वास थांबतो की हृदय यावर. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी ठरवलं, आधी श्वास, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा. पुढं कळलं की क्लोरोफॉर्म थेट हृदयही बंद पाडू शकतो. त्याच काळात त्याच शहरात रूपाबाई फर्दूनजी नावाच्या पारशी बाई भूल देण्याचं काम करत होत्या, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. या माहितीचा मनूच्या डोळ्याशी काय संबंध? काही नाही. पण रात्री दीड वाजता निर्णय टाळायचा असला की माणूस हैदराबादपर्यंत जाऊ शकतो.

कचेरीत मी चूक केली, चार जणांना सांगितलं. कॅशियरच्या भाच्याचं आपोआप गेलं होतं, दोन वर्षांनी. शिपायाच्या गावात कुणीतरी साध्या ऑपरेशनला भूल दिल्यावर उठलाच नव्हता. नाव विचारलं तर त्याला माहीत नव्हतं, गाव मात्र नक्की. असं एक माणूस प्रत्येक गावात असतं.

मेघा एकदाच भांडली, जूनमध्ये. मी तिसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांगलीला जाऊ म्हणत होतो.

"तिसरे वेगळं सांगतील असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही. पण खात्री..."

"कुणीतरी तुम्हाला लिहून द्यावं की तुमची चूक होणार नाही, असं पाहिजे ना तुम्हाला? असं कोण देतं अहो? तुमची बँक देते का?"

मी गप्प बसलो. बँक उलटच लिहून घेते.

माझे वडील १९९० च्या सुमारास एका मित्राला जामीन राहिले होते. मित्र मुंबईला गेला आणि पाच वर्षं हप्ते आमच्या घरातून गेले. सोसायटीच्या माणसानं तेव्हा त्यांना म्हटलं होतं, अण्णा, कर्जदार पळतो, जामीनदाराला पळता येत नाही. मी रोज जामीनदारांच्या सह्या घेतो आणि मला रोज अण्णा आठवतात असं काही नाही. पण त्या महिन्यात आठवत होते.

शेवटी आकड्यांनी काही ठरलं नाही. कापसाच्या डब्यानं ठरवलं. तोंडाला निळं झाकण असलेला एक प्लास्टिकचा डबा होता, त्यात कापसाचे गोळे. मनू सतरा महिन्यांची झाली होती. एका सकाळी मी झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि ती खेळता खेळता उठली, पडद्यामागं गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. अगदी स्थिर. पडद्याखालून तिचे पाय दिसत होते. मी जवळ गेलो तेव्हा तिनं दोन्ही तळहात डाव्या डोळ्यावर ठेवले होते. पापणीखालची कातडी सततच्या पाण्यानं सोलवटली होती, अँटिबायोटिकच्या थेंबांची ती तिसरी बाटली चालू होती. "दोघांनी धरा की घट्ट" म्हणणाऱ्या आईला मी तेव्हा सांगितलं, आई, आपण दीड वर्ष धरतोच आहे.

डॉक्टरांनी आकडे सांगितलेच. अमेरिकेत सातशेच्या वर मुलांवर झालेल्या पाहणीत पहिल्याच प्रोबिंगला सुमारे ७८ टक्के यश आलं. तीन वर्षांपर्यंत आकडा तिथंच राहिला, तीन ते चार वर्षांच्या मुलांत तो ५६ वर आला. म्हणजे घाई नव्हती, पण अनंत वेळही नव्हता. "आणि उरलेल्या बावीसमध्ये आलो तर?" "मग काही महिन्यांनी परत. कदाचित सिलिकॉनची बारीक नळी घालून ठेवू." परत म्हणजे परत भूल, हे मी बोललो नाही. तेही बोलले नाहीत.

लहान मुलांना भूल देण्याची सवय असलेल्या डॉक्टर कोल्हापुरात, म्हणून ऑपरेशन कोल्हापुरात. आईनं अंबाबाईची ओटी बोलली. दवाखान्यातून फोन आला, "सकाळी साडेआठला ओटीत घेऊ," तर स्पीकरवर ऐकणारी आई म्हणाली, "बघ, त्यांच्याकडंसुद्धा भरतात." मी समजावून सांगितलं नाही. तेवढाच एक आनंदाचा अर्थ होता त्या शब्दाचा.

पहिली तारीख जुलैच्या पहिल्या आठवड्यात होती. मेव्हण्याकडं मुक्काम केला. सहा तास आधी दूध आणि खाणं बंद, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालेल. पहाटे ती दूध मागत रडली तेव्हा मेघा तिला घेऊन गच्चीवर फिरत राहिली, पाऊस होता म्हणून जिन्याच्या छपराखालीच, चार पावलं इकडं, चार तिकडं. सात वाजता दवाखान्यात भूलतज्ज्ञ बाईंनी मनूच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, नाकाखाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कधीपासून?" आदल्या संध्याकाळपासून नाक वाहत होतं. डोळा वाहणाऱ्या पोरीचं नाक कोण बघतं? बाईंनी मान हलवली. सर्दीत भूल दिली तर घसा आवळला जाऊ शकतो, श्वास अडकू शकतो. दोन-चार आठवडे थांबा. "मला घाई नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही नसावी."

लिफ्टची वाट न बघता मी जिन्यानं खाली आलो. मला आनंद झाला होता. इतका की मी पार्किंगच्या माणसाला वीस रुपये जास्त दिले. तीन महिने झगडून घेतलेला निर्णय दुसऱ्या कुणीतरी खोडला होता आणि मी सुटलो होतो. हायवेला लागून किणीच्या टोलनाक्यापुढं एका हॉटेलात थांबलो. मनूनं उपवास सोडल्यासारखी दीड इडली खाल्ली, सांबारात हात घातला, तोच हात डोळ्याला लावला आणि भोकाड पसरलं. मेघा तिचा डोळा धूत असताना मी बिलाची वाट बघत उभा होतो आणि मघाचा आनंद कुठं ठेवावा ते मला कळत नव्हतं.

दुसरी तारीख ऑगस्टमध्ये. नाक कोरडं. पुन्हा गच्चीचा जिना, पुन्हा सात वाजता. आणि सिस्टरची चार पानं.

मी वाचली. सिस्टर दोनदा घड्याळाकडं बघून गेली, तरी सगळी वाचली. पहिल्या पानावर शस्त्रक्रियेचं नाव, दुसऱ्यावर भुलेतले धोके, शेवटच्या धोक्यापर्यंत, ज्याचा शब्द सगळ्या कागदावर एकदाच येतो. तिसऱ्या पानावर छापलं होतं, "वरील सर्व माहिती मला समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आली आहे." हेच वाक्य आमच्या कर्जाच्या कागदावर आहे, जवळजवळ याच शब्दांत. खाली रुग्णाचे नाव, सही करणाऱ्याचे नाव, रुग्णाशी नाते. मी "वडील" लिहिलं. भूलतज्ज्ञ बाई आल्या तेव्हा मी विचारलं, "हा तिसरा मुद्दा सांगाल का जरा?" त्या बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या आणि तिसराच नव्हे, सगळे मुद्दे सांगितले. काय काय होऊ शकतं, ते झालं तर त्या काय करतील, त्यांच्या हाताशी काय काय असेल. सात-आठ मिनिटं लागली. "डोळ्याचं काम दहा मिनिटांचं आहे," त्या म्हणाल्या. "ती आत आल्यापासून तुमच्या हातात परत येईपर्यंत ती माझी."

मी सही केली. आडनावाच्या शेवटी मी एक रेघ मागं ओढतो, ती आलीच नाही. बँकेत असा चेक आला असता तर मी "सही जुळत नाही" म्हणून परत पाठवला असता.

सिरिंजमधून तिला एक गोड औषध पाजलं. पंधरा मिनिटांत मनू दारू प्यायल्यागत हसायला लागली. माझ्या नाकाला हात लावायची आणि हसायची. मान मागं टाकून छतावरच्या पंख्याला "दे" म्हणाली. सिस्टरनं हात पुढं केले तर ती गेली. अनोळखी माणसाला बघून माझ्या शर्टात तोंड खुपसणारी मनू हसत हसत गेली, आणि दार मिटताना तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. ती रडत गेली असती तर मला बरं वाटलं असतं. हे मेघाला सांगितलं तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा तळवा बर्फासारखा होता.

पस्तीस मिनिटं लागली, त्यातली दहा डोळ्याची. आईनं पदराच्या टोकाला अंगाऱ्याची पुडी बांधून आणली होती, ती ती सोडत होती आणि बांधत होती.

ती परत आली ती किंचाळत. आम्हाला ओळखत नव्हती, मेघाच्या हातातून धनुष्यासारखी मागं वाकत होती, डोळे उघडे पण बघत कुठंच नव्हते. आईची रानातली भूल ती हीच. बाईंनी आधी सांगितलं होतं, भूल उतरताना काही मुलं अशी करतात, घाबरू नका. सांगितलं होतं म्हणून फक्त पळून गेलो नाही. वीस मिनिटांनी ती एकदम ढिली पडली, मेघाच्या खांद्यावर नाक घासलं आणि "दूदू" म्हणाली. मी रुमालानं तिचं नाक पुसलं. रुमालावर किंचित लालसर डाग आला आणि त्याच्या कडेनं पिवळा-हिरवा. पडदा फुटल्यावर डॉक्टरांनी वरून रंगाचं पाणी सोडलं होतं, ते नाकातून बाहेर येत होतं. डोळ्यात थेंब घालून पाच मिनिटांनीही पापणीला चिकटून राहिलेला तोच रंग. मी रुमाल तसाच घडी करून खिशात ठेवला. घरी आल्यावर मेघानं तो धुवायला टाकला, आणि तिचं बरोबरच होतं.

आठवडाभर थेंब घातले. तिसऱ्या आठवड्यात एक सकाळ अशी आली की दोन्ही डोळे एकदम उघडले. अजून सर्दी झाली की डावा थोडा भरतो. डॉक्टर म्हणाले, बघत राहू. निळ्या झाकणाच्या डब्यात आता मनूचे क्लिप आणि रबर आहेत. झाकण उघडल्याचा आवाज झाला की ती अजून एकदा वळून बघते, मग धावत येते.

आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तीन वर्षं ती "बघू दिवाळीनंतर" म्हणते, दरवेळी वेगळी दिवाळी. परवा मनूच्या तपासणीला बरोबर आली होती, तर डॉक्टरांनी तिलाही खुर्चीत बसवलं आणि आता उशीर नको म्हणाले. घरी येताना रिक्षात ती बराच वेळ गप्प होती.

"मला पण भूल देतील?"

"नाही गं. नुसते थेंब घालतात डोळ्यात. तू जागीच असणार."

"आणि कागद असतील का तसले? चार पानं?"

"असतील. करीन मी सही."

"तू कशाला?" आई म्हणाली. "मी जागी आहे म्हणतोस ना? माझी मी करीन. आधी वाचून दाखव मला, सगळं."